लंडनच्या वेशीबाहेरच्या बायका

थेम्स नदीच्या दक्षिण काठावरचं सदर्क आज ऐन लंडनात आलंय. बरो मार्केटची गर्दी, डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या आगगाड्या. पूर्वी मात्र ते वेशीबाहेरचं उपनगर होतं. शहराला आपल्यात नको, पण हवं तर होतंच, असं सगळं नदीपलीकडे: गुत्ते, अस्वलांवर कुत्री सोडायचे खेळ, नाटकगृहं आणि कुंटणखाने. तिथल्या रेडक्रॉस वे या गल्लीत क्रॉस बोन्स नावाची लहानशी दफनभूमी आहे.

कुंटणखाने होते ती हद्द विंचेस्टरच्या बिशपची. नियम त्याच्या न्यायालयाचे, दंडही तिथेच भरायचा. लोक त्या बायकांना 'विंचेस्टरची बदकं' म्हणत. १५४६ साली आठव्या हेन्री राजाने हा कारभार बंद केला. पुढे १५९८ मध्ये जॉन स्टो याने लंडनचं वर्णन छापलं. जुन्याजाणत्यांकडून ऐकलेली गोष्ट त्यात आहे: हा धंदा न सोडता मेलेल्या बाईला धर्मविधीने पुरत नसत, त्यांच्यासाठी चर्चपासून दूर एक जागा नेमलेली होती. म्हणजे बघा, बिशपला त्यांचा पैसा चालायचा, पण मूठभर माती द्यायची वेळ आली की हात आखडता!

ती जागा हीच, असं परंपरेने मानतात. नंतर तिथे आसपासच्या गोरगरिबांना पुरू लागले. १८५३ मध्ये दफनभूमी बंद झाली, कारण पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एकूण सुमारे १५,००० माणसं तिथे असावीत.

१९९०च्या दशकात जुबिली रेल्वेमार्गाच्या कामावेळी पुरातत्त्वज्ञांनी तिथले १४८ सांगाडे बाहेर काढले. हे मध्ययुगातले नव्हेत, शेवटच्या काळातले, एकोणिसाव्या शतकातले. 'बदकां'ची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला हे सांगाडे जास्त बोलके वाटतात. एक तृतीयांशाहून अधिक बाळं पोटातच किंवा जन्मल्यापासून आठवड्याभरात गेलेली. मोठ्यांमध्ये बहुतेक बायकाच. एक तर जेमतेम १६ ते १९ वर्षांची, उपदंशाने हाडं झिजलेली. यातल्या कितीजणी धंदा करत होत्या, ते हाडं सांगत नाहीत. गरिबी मात्र सांगतात.

१८८३ मध्ये ही जमीन इमारतीसाठी विकली गेली होती. पुढच्याच वर्षी जुन्या दफनभूम्यांवर बांधकाम करायला कायद्याने बंदी आली आणि तो व्यवहार फिसकटला. आता तिथे बाग आहे. लोखंडी फाटकाला रंगीत फिती, फुलं, चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. दर महिन्याच्या २३ तारखेला संध्याकाळी त्या फाटकापाशी जमून या बायकांना आठवायची प्रथा पडली आहे.