ग्राही, गिऱ्हाईक आणि गिरफ्तार

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत ‘जीए’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. गोडी छाटणीनंतर कोवळे घड ज्या द्रावणात बुडवतात ते जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचे संप्रेरक. जिबरेलिन हे नाव जपानी शास्त्रज्ञ याबुता यांनी १९३५ साली दिले, भाताची रोपे भलतीच उंच वाढवणाऱ्या ‘जिबरेला’ बुरशीवरून. बुरशीच्या नावात लॅटिन ‘गिबर’, म्हणजे कुबड. मणी लांबवणाऱ्या औषधाच्या पोटात कुबड!

‘संप्रेरक’ हा शब्द ज्याने घडवला त्याचा कान तयार असावा. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ रूढ केला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आणि सम् + प्र + ईर् यातला ‘ईर्’ही हलवण्याचाच. ‘समीर’ त्याच धातूचा.

पण माझा जीव अडकला आहे तो ‘ग्राही’त. संप्रेरक पेशीत ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते तो ग्राही. धातू ‘ग्रह्’, वेदात त्याचे जुने रूप ‘गृभ्’. लग्नातला विधी ‘पाणिग्रहण’, पण त्यातल्या मंत्रात अजून ‘गृभ्णामि’ ऐकू येते: नावात ‘ह’, मंत्रात ‘भ’. इराणी शाखेने हा ओष्ठ्य वर्ण वेगळ्या रीतीने जपलेला दिसतो. फारसी ‘गिरिफ्तन’, त्यावरून आपला ‘गिरफ्तार’. ‘जहागीर’मधला ‘गीर’ तोच, जागा धरणारा. ‘दस्तगीर’ म्हणजे हात धरणारा, जणू पाणिग्रहणाचा फारसी जुळा भाऊ. आणि आपण रोज व्यक्त करतो ती ‘दिलगिरी’ मूळची काळीज धरले जाण्याची. इकडे ‘ग्राहक’चे ‘गिऱ्हाईक’ झाले, तर महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘घेप्पइ’च्या वाटेने ‘घेणे’ याच घराण्यात पोहोचते असे दिसते. म्हणजे बाजारात घेणारा आणि फौजदाराने धरलेला, दोघे एकाच गोत्राचे.

हे धरणे रेणूत कसे होते? भातातला जिबरेलिनचा ग्राही २००५ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखला, त्याची रचना २००८ मध्ये उलगडली. द्राक्षवेलीतही त्याच कुळातले ग्राही आहेत. गंमत अशी, की हे प्रथिन मेदाचे बंध तोडणाऱ्या विकरांच्या घराण्यातले. त्या विकरांत सेरिन, हिस्टिडिन आणि अॅस्पार्टिक आम्ल असे त्रिकूट मिळून तोडते. भाताच्या ग्राहीत हिस्टिडिनच्या जागी व्हॅलिन बसले आहे. सेरिन जागेवर आहे, पण जोडीदार गेल्याने त्याला तोडता येत नाही. ते आता जिबरेलिनच्या आम्लगटाला धरून ठेवते. दुसऱ्या टोकाला एक टायरोसिन जिबरेलिनचा हायड्रॉक्सिल गट सांभाळते. संप्रेरक आत बसले की प्रथिनाचा एक भाग झाकणासारखा मिटतो, त्या झाकणावर वाढ रोखणारे ‘डेला’ प्रथिन येऊन अडकते आणि पुढे नष्ट होते. मग वाढ मोकळी. जे तोडत होते ते धरू लागले! ‘ग्रह्’ धातूला याहून चपखल उदाहरण मला सापडलेले नाही.

त्या अमिनो आम्लांची नावेही ऐकण्यासारखी. टायरोसिनमध्ये ग्रीक चीज आहे, कारण ते प्रथम चीजपासून निघाले. सेरिन रेशमातून मिळाले, म्हणून त्यात लॅटिन रेशीम. येवल्याच्या पैठणीतल्या धाग्याला मराठीने मात्र फारसीकडून ‘रेशीम’ म्हणायला घेतले, मूळ ‘अब्रेशम’. आरंभीचा ‘अब’ वाटेत गळलेला असावा. आणि ‘अमिनो’? तो अमोनियातून आला, अमोनिया ‘साल अमोनियाक’ या क्षारातून, आणि त्या क्षाराला नाव मिळाले ते ईजिप्तच्या अमोन देवावरून. हाच क्षार नाशिकच्या तांबट आळीतल्या भांड्यांना कल्हई करताना तापल्या तांब्यावर टाकतात आणि पांढरा धूर उठतो. कल्हईवाले त्याला नवसागर म्हणतात. फारसी ‘नौशादर’, संस्कृतात ‘नवसादर’, मराठीत शेवटी सागर. ना त्यात नऊ, ना समुद्र. अनोळखी ‘सादर’ला कानाने ओळखीचा शब्द जोडून दिला असावा.