राजाचा हुकूम आणि मोजणीदार

डेन्मार्क हा देश आमच्या लासलगावात कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. कांद्याच्या बाजारात दुबई, मस्कत, कोलंबो ही नावे रोज कानांवर पडतात, कोपनहेगन कधीच नाही. ३० सप्टेंबर २००५ रोजी तिथल्या 'युलँड्स-पोस्टेन' या दैनिकाने प्रेषित मुहंमद (स.) यांची व्यंगचित्रे छापली आणि काही महिन्यांत हे नाव चहाच्या टपरीवरही आले. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांच्या मनात डेन्मार्क म्हणजे तेवढेच. त्या वेळी मन दुखावले, ते उगाच दुखावले असे मी म्हणणार नाही. पण त्याच देशाच्या एका राजाने २४५ वर्षे आधी काढलेला हुकूम पुढे माझ्या वाचनात आला. त्या हुकुमाला जागलेला एक माणूस आपल्या मुंबईत वर्षाहून अधिक काळ राहून गेला होता. त्याची ही हकिगत.

राजा पाचवा फ्रेडरिक याने डिसेंबर १७६० मध्ये अरबस्तानाकडे निघालेल्या सहा जणांच्या तुकडीला लेखी सूचना दिल्या. त्यातल्या एका कलमाचा मथितार्थ असा : तिथल्या लोकांशी अत्यंत सौजन्याने वागा, त्यांच्या धर्माला विरोध करू नका, आडवळणानेही तुच्छता दाखवू नका. बायकांशी युरोपातल्यासारखी मोकळीक घेऊ नका. कुणी अपमान केला तरी उलट उत्तर देऊ नका.

आता, ही मोहीम अरबांच्या प्रेमापोटी निघाली नव्हती, हेही सांगायला हवे. तिचे मूळ ग्योटिंगेनच्या मिखाएलिस नावाच्या पंडितात होते. बायबलातली झाडे, प्राणी, चालीरीती नीट कळाव्यात म्हणून त्याला अरबस्तानातून उत्तरे हवी होती. म्हणजे पाहायचे होते आपले घर, पण उजेड पाडायचा होता त्यांच्या घरात. तरीही पाहुण्याने कसे वागावे हे राजाला लिहून द्यावेसे वाटले, याला माझ्या लेखी मोल आहे.

सहा जणांत कार्स्टन नीबूर हा मोजणीदार. जन्माने जर्मन, चाकरी डॅनिश राजाची. १७३३ साली एल्ब नदीच्या मुखाजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला, लहानपणीच पोरका झाला. त्याच्या मुलखात जमिनीच्या मोजणीचा एक तंटा उभा राहिला, आणि मोजायला बाहेरगावचा माणूस आणावा लागला, कारण गावात कुणालाच मोजणी येत नव्हती. ही गोष्ट या पोराला लागली आणि बाविशीच्या सुमारास तो गणित शिकायला बसला. बांधाचे तंटे पाहत वाढलेल्या आपल्या निफाड तालुक्यातल्या वाचकाला यातले दुखणे समजावून सांगायला नको. मोहिमेसाठी निवड झाल्यावर त्याला प्रोफेसर ही पदवी देऊ केली होती. तेवढी आपली विद्या नाही म्हणून त्याने ती घेतली नाही.

बाकीच्यांत मात्र अदब कमी, भांडणे फार. फॉन हावेन हा भाषापंडित. त्याने इस्तंबूलमध्ये सोमल विकत घेतला आणि तो आपल्याला विष घालणार या धास्तीने उरलेल्यांची झोप उडाली. येमेनातल्या मोखा बंदरात जकातवाल्यांनी सामान उघडले, तेव्हा दारूच्या अर्कात ठेवलेल्या माशांची दुर्गंधी सुटली. दारू, साप, विष असे नाना संशय उठून या लोकांना बिऱ्हाडही मिळेना. मग तिथल्या सुभेदाराच्या पायाला जखम झाली आणि इलाजाला यांच्यातलाच डॉक्टर क्रामर बोलावला गेला. तेव्हा कुठे दिवस पालटले.

पुढे मृत्यू सुरू झाले. मे १७६३ मध्ये मोख्यात फॉन हावेन गेला, जुलैमध्ये येमेनच्या डोंगरात लिनियसचा हुशार शिष्य फोर्सकाल गेला. सनाच्या इमामाने उरलेल्यांचे अगत्याने स्वागत केले, पण त्यांना मुंबईकडे जाणारे इंग्रजी जहाज गाठायचे होते. त्या जहाजावर ऑगस्टअखेर चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्गग्रेन एका दिवसाच्या अंतराने वारले. त्याच ऑगस्टमध्ये इकडे गोदाकाठी राक्षसभुवनला पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली होती. सप्टेंबरात मुंबईला उतरलेले दोघेही तापाने पोखरलेले होते. फेब्रुवारी १७६४ मध्ये क्रामरने मुंबईतच डोळे मिटले.

आज आपण त्या तापाला मलेरिया म्हणतो. नीबूरने दोष हवेला दिला नाही, आपल्याच मंडळींना दिला. परक्या मुलखात येऊन आपण युरोपियनांसारखेच खात-पीत राहिलो, असे त्याचे मत होते. वैद्यकाच्या दृष्टीने ते चूक असेल. पण पुढे त्याने खाणे, पेहराव, बसणे-उठणे सगळे तिथल्या लोकांसारखे केले आणि एकट्याने उरलेली सफर पुरी केली.

मुंबईत तो डिसेंबर १७६४ पर्यंत राहिला, मध्यंतरी सुरतेला जाऊन आला. घारापुरीला तो तीनदा गेला. लेणे मोजले, आराखडा काढला, मूर्तींची चित्रे केली. ज्या धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याच्या देवळाचे खांबही त्याने त्याच चोख हाताने मोजले. सर्व धर्मांच्या लोकांना इथे आपापली उपासना मोकळेपणी करता येते आणि त्यामुळे वस्ती वाढली आहे, असे त्याने नोंदवले. बेटाची लोकसंख्या त्याने १,४०,००० धरली. वीस वर्षांपूर्वी ती ७०,०००ही नव्हती, असे तो सांगतो.

पुढे मस्कत, शिराज, बगदाद, मोसूल, हलब. काफिल्यात तो अब्दुल्ला म्हणून ओळखला जाई. इराणात पर्सेपोलिसच्या भिंतींवरचे कीलाक्षरी लेख त्याने उन्हात उभे राहून उतरवून घेतले. अर्थ त्याला लागत नव्हता, तरी रेघ न् रेघ चोख उतरली. त्याच नकलांवरून ग्रोटेफेंडने १८०२ मध्ये ती लिपी वाचण्याची सुरुवात केली.

नोव्हेंबर १७६७ मध्ये तो कोपनहेगनला परतला, सहांतला एकटा. अरबस्तानाचे वर्णन १७७२ मध्ये छापले. त्यात अरबांची चेष्टा नाही, उगाच स्तुतीही नाही. सरदारकी देऊ केली, तीही त्याने नाकारली. १७७८ मध्ये मेल्डोर्फ नावाच्या लहानशा गावी जमीन-महसुलाच्या दप्तराचा कारकून होऊन राहिला. मुलगा बार्टोल्ड मोठा इतिहासकार झाला, रोममध्ये प्रशियाचा वकीलही होता. बापाचे चरित्र त्यानेच लिहिले.

म्हातारपणी नीबूरची दृष्टी गेली. मुलगा लिहितो, की अंथरुणावर पडल्या पडल्या वडिलांना पूर्वेचे सगळे पुन्हा दिसू लागे, विशेषतः तिथले रात्रीचे आभाळ. अरबस्तानात ज्या ताऱ्यांवरून त्याने गावे नकाशावर बसवली होती, ते आभाळ. २६ एप्रिल १८१५ रोजी तो मेल्डोर्फलाच वारला.