साष्टीतील बिबळ्या आणि नगरविस्तार

वन्य पशूच्या वर्तनास इतिहास असतो काय, हा प्रश्न इतिहासाभ्यासकास प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु साष्टी बेटातील बिबळ्याचे उदाहरण पाहता त्याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

येथील अरण्य टिकले ते बव्हंशी मुंबईच्या पाण्यासाठी. १८६० साली विहार व १८७९ साली तुळशी हे तलाव पूर्ण झाले आणि त्यांच्या पाणलोटातील झाडीस संरक्षण लाभले. उलटपक्षी, पूर्वेस घाटकोपर-मुलुंड व पश्चिमेस अंधेरी-बोरिवली या लोहमार्गांलगत उपनगरे वाढत गेली. या कोंडीत वाघ तगला नाही. १९२९ साली विहारनजीक मारलेला वाघ येथील अखेरच्यांपैकी होय. मोठे सावज व विस्तीर्ण रान ही वाघाची गरज. बिबळ्याचा निर्वाह मात्र लहानसहान भक्ष्यावरही होतो. उकिरड्यांवर पोसलेली मोकाट कुत्री त्यास आयतीच लाभली. २०१५ च्या पाहणीत उद्यान व आरे परिसरात ३५ बिबळे आढळले. त्यांच्या आहाराचा सुमारे पाव हिस्सा कुत्र्यांचा होता. दिवसा झाडीत दडावे व वस्ती निजल्यावर बाहेर पडावे, हा त्यांचा परिपाठ झाला.

मग २००२ ते २००४ या काळात माणसांवर इतके हल्ले का झाले? एकट्या जून २००४ मध्ये अनेक जण प्राणास मुकले. वस्तीची दाटी हे कारण पुरेसे नाही, कारण दाटी पुढेही वाढतच गेली. अन्यत्र पकडलेले बिबळे या उद्यानात सोडले जात, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात पकडलेले बिबळे दूर नेऊन सोडल्यावर हल्ले वाढले, असे विद्या अत्रेय यांच्या संशोधनात दिसून आले. परक्या मुलखात सोडलेल्या जनावराचा जुना परिपाठ मोडतो, असा याचा अर्थ लावता येतो.

पुढे सरसकट पकडण्याचे धोरण मागे पडले आणि २०११ पासून वनखात्याने नागरिकांसह लोकशिक्षण आरंभिले. २०१८ च्या गणनेत बिबळे ४७ भरले, तरी २००४ सारखा अनर्थ पुन्हा ओढवला नाही. तथापि २०२२ साली आरेमध्ये एक बालक बळी पडले, हे विसरता येत नाही.

आरेतील वारली पाड्यांत वाघोबाची पूजा चालत आली आहे. शेजारचे श्वापद ओळखून राहण्याची ती जुनी रीत होय. सारांश, बिबळ्याने नगराशी जमवून घेतले. ती घडी विसकटली ती मुख्यत्वे मानवी निर्णयांमुळे.