चहागृहे, जपानी

जपानमधील चहापानाच्या पारंपरिक वास्तू. पैसे घेऊन चहा देणारे दुकान (चाया) आणि निमंत्रितांसाठी विधिपूर्वक चहा करण्याची खोली (चाशित्सु) असे त्यांचे दोन प्रकार असून त्यांची पुष्कळदा गल्लत होते. लौकिक दुसऱ्याचा मोठा. परंतु दुकानाची परंपराही तितकीच जुनी आहे.

एइसाइ (११४१–१२१५) या झेन भिक्षूने ११९१ मध्ये चीनहून परतताना चहाचे बी आणले, असे मानतात. मठांत ध्यानसमयी झोप आवरण्यासाठी घेतले जाणारे हे पेय पुढे रस्त्यावर आले. क्योतो येथील तोजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारापाशी एका नाण्याला एक पेला चहा विकणाऱ्यांनी १४०३ मध्ये मंदिराला लिहून दिलेला कबुलीजबाब उपलब्ध आहे. देवालयांतील धुपाचा विस्तव घेणार नाही, पवित्र विहिरीचे पाणी उपसणार नाही, अशी हमी त्यात आहे. तशी हमी घ्यावी लागली, यावरून आधी काय चालत असे ते उघड आहे.

चहागृहाला साधेपणाचे सौंदर्य दिले ते सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने. यामाझाकी येथील ताइ-आन ही त्याची मानली जाणारी खोली अवघ्या दोन चटयांची आहे. तिचे दार इतके ठेंगणे, की सरदारालाही वाकून व सरपटतच आत यावे लागे; तलवार बाहेर राही. मात्र ही समता दारापुरतीच होती. रिक्यूचा आश्रयदाता तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये कितानो येथे सामान्यांनाही खुला असा चहामेळा भरविला आणि १५९१ मध्ये रिक्यूलाच आत्महत्येची आज्ञा केली. कारणांविषयी मतभेद आहेत.

त्यानंतर रिक्यूचे विधी घराण्यांच्या हाती गेले. त्यांतील औपचारिकतेला खरे उत्तर दिले ते दुकानानेच. भिक्षुपद सोडू पाहणारा बाइसाओ (१६७५–१७६३) क्योतोमध्ये चहा विकू लागला. किंमत गिऱ्हाइकाने द्यावी तेवढी, न दिल्यास फुकट. म्हातारपणी धंदा थांबवताना, आपल्यामागे उपकरणांचे स्तोम माजू नये म्हणून त्याने ती १७५५ मध्ये जाळली.

अजिंठ्याची लेणी पाहून गेलेले ओकाकुरा काकुझो यांच्या *द बुक ऑफ टी* (१९०६) या ग्रंथाने जगाला परिचय झाला तो मुख्यतः खोलीचा. उजी येथील पुलालगतचे त्सूएन हे दुकान मात्र आपला आरंभ ११६० मध्ये झाल्याचे सांगते. एइसाइच्याही आधीचा हा दावा परंपरेवरच उभा आहे; हल्लीची इमारत १६७२ ची असून तेथे आजही चहा मिळतो.