पदवीधर लवकर का मरतात?

गेल्या महिन्यात भाचीच्या ॲडमिशनसाठी पुण्यातल्या एका कॉलेजात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कॉलेजात घडलं असतं. जिम दाखवून झाली, सीसीटीव्ही दाखवून झाले, वायफायचा वेग सांगून झाला. मग एका खोलीपाशी नेलं. दारावर पाटी : 'समुपदेशन कक्ष. मंगळवार व गुरुवार, ११ ते १.' आम्ही गेलो तो मंगळवारच होता, साडेअकरा वाजले होते आणि दाराला कुलूप होतं. मी विचारलं, मेस कुठंय? तर म्हणे, होस्टेलची मेस तीन वर्षांपूर्वीच बंद केली. "मुलं आता ॲपवरून मागवतात, सर. त्यांना चॉईस लागतो."

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात सव्वाशे वर्षांहून जुना एक प्रश्न घोळत राहिला. तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९४ साली एका व्याख्यानात विचारला होता : आपले पदवीधर लवकर का मरतात?

हा प्रश्न त्यांना का पडला असेल, ते समजायला त्या काळची यादी बघा. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले, वय ३१. अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने गेल्या. पदवी मिळून वर्षही झालं नव्हतं, वय २१. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य आणि संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली गेले, वय ३४. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग व्याख्यानाच्या आदल्याच वर्षी गेले, वय ४३. आणि व्याख्यानानंतरच्या वर्षी आगरकर गेले, वय ३८.

प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं आणि त्या काळी एकूणच आयुष्य कमी होतं, हे मान्य. पण पदवीधर म्हणजे त्या समाजातला खाऊनपिऊन बरा, शिकलेला, नोकरी मिळणारा माणूस. तोच असा गळतोय, हे रानड्यांना खटकलं. ते स्वतः मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीतले, १८६२ सालचे. त्यामुळे अभ्यासाचं आणि परीक्षांचं ओझं शरीरावर काय करतं, हे ते ऐकीव सांगत नव्हते. विद्यार्थ्याची तब्येत हा त्याच्या घरापुरता विषय नसून विद्यापीठालाही त्याबद्दल विचारता येतं, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आता डेक्कन कॉलेजातली एक जोडी घ्या, टिळक आणि आगरकर. टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवलं. तालीम, पोहणं, खुराक. त्या वर्षी परीक्षेत मार खाल्ला, पण शरीर कमावलं. ते पुढं मंडालेच्या तुरुंगातही कामी आलं. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, घरची गरिबी. एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पुढं दम्यानं त्यांना पोखरलं.

आपण ही गोष्ट नेहमी जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. मला ती आता वेगळी दिसते. कॉलेज एक, शिक्षक तेच, बुद्धी तोडीस तोड. फरक इतकाच, की एकाला तब्येतीसाठी वर्ष घालवणं परवडत होतं आणि दुसऱ्याला दुसरा सदरा परवडत नव्हता. 'वेलनेस' हा शब्द तेव्हा नव्हता, पण तो कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

या प्रश्नाला महाराष्ट्रानं जे उत्तर दिलं ते दवाखान्यातून आलं नाही, स्वयंपाकघरातून आलं.

आधीची सोय होती वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी. कित्येक मोठी माणसं अशी शिकली. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मिंधेपण; रोज नव्या उंबऱ्यावर उभं राहायचं. दुसरी म्हणजे ही सोय मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलाला होती. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला पुण्यात वार कोण देणार होतं? त्याची उपासमार त्याच्या शिक्षणाआधीच सुरू व्हायची.

म्हणून शाहू महाराजांनी काय केलं ते महत्त्वाचं. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक बोर्डिंगं निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंगं कशाला, असं आज कुणी म्हणेल. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसेल, तर कॉलेजचं दार उघडं असून उपयोग नाही, हे त्या राजाला कळलं होतं. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेही याच गरजेतून.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. एका चुलीवरचं जेवण, एका पंगतीत. ते चालवलं लक्ष्मीबाईंनी. घरातलं धान्य संपलं तेव्हा त्या माउलीनं अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. औरंगाबादला १९५० साली मिलिंद कॉलेज उभं राहिलं, तिथंही वसतिगृह आलंच. बाबासाहेबांनी स्वतः लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास केला होता, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. पुण्यात १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू झाली, तीही खेड्यातल्या पोरांच्या राहण्याजेवणासाठीच.

या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याच अहवालात लिहिलेली सापडत नाही. ती मला माझ्यावर गुदरली म्हणून माहीत आहे.

मी १९९६ साली करमाळा तालुक्यातून पुण्यात एफ.वाय.बी.एस्सी.ला आलो. एका संस्थेच्या होस्टेलवर राहायचो. दहावीला तालुक्यात नाव होतं, इथं पहिल्याच चाचणीत गणितात नापास. सगळं इंग्रजीतून. वर्गात सर बोलायचे ते पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटायचं. हळूहळू मी वर्गात जाणं सोडलं, मग खोलीबाहेर पडणं सोडलं. घरी पत्रात 'सर्व ठीक' लिहायचो.

आमच्या मेसमध्ये ताटांवर नंबर घातलेले होते. माझा ४७. सलग दोन दिवस ४७ नंबरचं ताट रॅकवरून हललं नाही, हे मेसच्या काकूंच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका पोराला वर पाठवलं. मी आजारी असल्याचं सांगितलं. मग त्या स्वतः जिना चढून आल्या, पिठाचे हात तसेच. म्हणाल्या, "आजारी असशील तर डॉक्टरकडं जाऊ. नसशील तर खाली ये, पोळ्या लाटायला माणूस कमी आहे." मी गेलो. वेड्यावाकड्या पोळ्या लाटल्या. चार दिवसांनी त्यांनीच रेक्टर सरांच्या कानावर घातलं आणि सरांनी एका सीनियरला माझं गणित घ्यायला बसवलं. एवढंच. मी आज जो काही आहे तो त्या रॅकमुळे आहे.

पण पूर्ण खरं सांगायचं तर माझ्या रूममेटचंही सांगितलं पाहिजे. तो जेवायला रोज यायचा. हसायचा, बोलायचा. रात्र रात्र जागा असायचा, मग कुणीतरी मागे लागलंय म्हणायला लागला. काकूंना, सरांना, मला, कुणालाच काही कळलं नाही. होस्टेलवर त्याला सगळे 'मेंटल' म्हणायला लागले. डिसेंबरात त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले, गावाकडं अंगारे-धुपारे झाले, कॉलेज कायमचं सुटलं. त्याला गरज होती मानसोपचारतज्ज्ञाची, आणि ससूनपर्यंतचं अंतर बसनं अर्ध्या तासाचं होतं. फक्त तिकडं न्यायचं असतं हे ठाऊक असणारा एकही माणूस आमच्यात नव्हता.

म्हणजे काकू लागतात आणि तज्ज्ञही लागतो. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. जुन्या वसतिगृहांत काकू होत्या, तज्ज्ञ नव्हता. आज आपण तज्ज्ञाची पाटी लावतोय आणि काकूंना घरी पाठवतोय.

हे मी हवेत बोलत नाही. २०१८ साली राज्य सरकारनं आदिवासी वसतिगृहांमध्ये जेवणाऐवजी मुलांच्या बँक खात्यात पैसे टाकायचं ठरवलं. कागदावर छान दिसतं. पण पैसे वेळेवर आले नाहीत तर त्या रात्री जेवायचं काय? शिवाय अठरा वर्षांच्या पोराच्या खात्यात पैसे आले, की त्यातले थोडे घरी जातात, थोडे पुस्तकांत जातात, आणि काट मारली जाते ती जेवणावर. त्या जुलैत आदिवासी मुलामुलींनी मेस परत सुरू करा म्हणून पुण्याहून नाशिककडं पायी मोर्चा काढला. तेव्हा पुष्कळ जण हसले, की पैसे मिळतायत तरी यांची तक्रार. त्या पोरांना रानड्यांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात शाळेतली मुलंही आली. महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. शाहूंच्या आणि कर्मवीरांच्या राज्यात.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर सविस्तर निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक आहे. माझ्या रूममेटच्या वेळी हे असतं तर, असं वाटून जातं. पण निर्देशाची कुलूप लावलेली पाटी कशी होते, तेही मी बघून आलोय.

म्हणून ज्यांची मुलं यंदा कॉलेजला चाललीत त्यांना विनंती. प्लेसमेंटचा आकडा विचारताच, तसं हेही विचारा. समुपदेशक पूर्णवेळ आहे का, त्याचं शिक्षण काय, खोली खरंच उघडी असते का? मेस आहे का, कोण चालवतं? पोरगं दोन दिवस जेवायला आलं नाही तर ते कुणाला कळेल, त्या माणसाचं नाव काय? आणि त्या माणसानं पुढं कुणाला फोन करायचा, हे त्याला कुणी शिकवलंय का? संस्थाचालकांनी मेसचे कामगार, वॉचमन, रेक्टर यांना वर्षातून एक दिवस एवढं शिकवलं, तरी फार खर्च नाही.

मी भाचीच्या कॉलेजला लेखी पत्र दिलंय : मंगळवारी साडेअकराला कुलूप का होतं? उत्तर आलं की इथंच लिहीन. तोवर तिच्या फोनमध्ये टेली-मानसचा नंबर सेव्ह करून दिलाय, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुमच्याही घरातल्या पोरांच्या फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

आणि रोज रात्री मी तिला एकच विचारतो, "जेवलीस का? कुणाबरोबर?"