माळ्यावरचे पातेले

करोलबागेतील एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही काही वर्षांपूर्वी विकत घेतला, तेव्हा माळा रिकामा करून देण्याचे आधीच्या मालकांनी कबूल केले होते. परंतु मुले परदेशी आणि स्वतःचे वय झालेले, म्हणून "नको असेल ते भंगारात द्या" एवढे सांगून ते गेले. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी सरकारी कागद वाचण्यात गेलेली. न वाचता कागद टाकणे जिवावर आले. दोन रविवार पत्नी व मी माळा उपसत होतो.

वर लायलपूरहून आलेल्या त्या पंजाबी कुटुंबाचे सामान होते : जुन्या रजया, शिवणयंत्राचे झाकण आणि पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेले नुकसानभरपाईच्या दाव्याचे कागद. अगदी तळाशी कल्हई उडालेले एक तांब्याचे पातेले निघाले. काठावर उर्दू अक्षरांत नाव कोरलेले होते. फोनवर विचारले, तेव्हा ते गृहस्थ क्षणभर थांबून म्हणाले, "ते आमचे नव्हे. आम्ही या घरात आलो तेव्हा ते स्वयंपाकघरातच होते. आईने ते कधी वापरले नाही आणि विकलेही नाही."

त्या पातेल्यामागे दिल्लीचा मोठा इतिहास उभा आहे. सप्टेंबर १९४७ च्या दंगलीत करोलबाग, पहाडगंज, सब्जीमंडी येथील मुसलमान कुटुंबे घरे सोडून पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील छावण्यांत गेली. कित्येकांनी दाराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांकडे दिली, कारण परत येण्याविषयी त्यांना शंका नव्हती. दिल्लीतून सुमारे सव्वातीन लाख मुसलमान गेले; पश्चिम पंजाब, सरहद्द व सिंधमधून सुमारे पाच लाख निर्वासित येथे आले. १९४१ साली ९ लाख १८ हजार असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ साली १७ लाख ४४ हजार झाली.

रिकाम्या घरांचा ताबा कस्टोडियनकडे आला. १९५० च्या कायद्याने निष्क्रांत मालमत्तेची व्यवस्था लावली आणि १९५४ च्या कायद्याने ती मालमत्ता निर्वासितांच्या भरपाईसाठी वापरण्यात आली. ट्रंकेतील कागद त्याच काळाचे. सोडून आलेल्या घराच्या खोल्या, भिंती, किंमत, सारे त्यांत नोंदलेले आहे. मात्र आतल्या सामानाचा उल्लेख कोठेही नाही. भरपाईचे दावे स्थावर मालमत्तेपुरतेच होते. जंगम वस्तूंविषयी जून १९५० मध्ये दोन्ही देशांत करार झाला, परंतु तोवर पावणेतीन वर्षे उलटली होती आणि भांडीकुंडी कुठच्या कुठे गेली होती. २००५ साली हे जुने कायदेही रद्द झाले. सरकारचा हिशेब मिटला. पातेले कोणाच्याच हिशेबात नव्हते.

ही कथा केवळ पंजाबची नव्हे. इंग्रजांनी १८४३ साली जिंकलेला सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे शिक्षक, कारकून, अधिकारी म्हणून अनेक मराठी कुटुंबे कराचीत स्थायिक झाली. १८५५ साली स्थापन झालेली तेथील सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि उरलीसुरली हिंदू कुटुंबे जहाजांनी मुंबईकडे निघाली.

आपल्या मंडळातील एक वयोवृद्ध आजी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. पातेल्याची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "आमचा पाटा-वरवंटा तिकडेच राहिला. एवढा जड, जहाजावर नेणार कसा? आईने तो धुऊन, पुसून भिंतीशी उभा करून ठेवला. आल्यावर लगेच वाटण वाटता यावे म्हणून." मग पातेल्यावरची अक्षरे बोटांनी चाचपीत त्यांनी विचारले, "आमच्याही भांड्यांवर आजोबांचे नाव होते. ते तिकडे कोणी वाचले असेल का हो?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. परंतु त्यानंतर पातेले भंगारात देण्याचा विचार मनातून गेला. दाव्याचे कागद मी त्या पंजाबी कुटुंबास परत दिले. फोनवर नको म्हणणाऱ्या गृहस्थांनी ते दोन्ही हातांनी घेतले. कार्यालयातील उर्दू जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून भांड्यावरचे नाव वाचून घेतले, एका चिठ्ठीवर ते नाव, घराचा पत्ता व हकीकत लिहिली आणि चिठ्ठी पातेल्यात ठेवली.

आपण सारी बदल्यांची माणसे. कधी दुसऱ्याने सोडलेल्या घरात शिरतो, कधी आपले घर दुसऱ्याच्या हाती सोपवितो. सभासदांस एवढीच विनंती, की जुने घर रिकामे करताना भांड्यावरचे नाव आणि ट्रंकेतला कागद एकदा वाचावा. मग काय ठेवायचे, काय द्यायचे ते ठरवावे. पातेले आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. गेल्या दिवाळीत पत्नीने त्याला कल्हई करून आणली.