पाटीच्या दगडाची आगगाडी आणि तिची प्रतिकृती

अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये १८६१ साली जुंपलेल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणाऱ्या कापसाचा ओघ आटला, आणि त्या टंचाईने मुंबईच्या पेढ्यांवर जो अमाप पैसा ओतला व ती सरताच १८६५ मध्ये जो हाहाकार उडाला, त्याची कथा आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे. परंतु त्याच टंचाईने वेल्सच्या डोंगरात एक चिमुकली आगगाडी जन्मास घातली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी नसते. गिरण्या थंडावलेल्या पाहून मँचेस्टरच्या मॅक्कॉनेल घराण्यातील कारखानदारांनी आपले भांडवल दुसऱ्या धंद्यात गुंतविण्याची तजवीज केली, १८६४ मध्ये मंडळी स्थापून ब्रिन एग्लुइस येथील पाटीच्या दगडाची खाण ताब्यात घेतली, आणि जो दगड तोवर जनावरांच्या पाठीवर लादून डोव्ही नदीकाठी न्यावा लागे, तो किनाऱ्यावरील टाउइन गावी नव्यानेच आलेल्या मोठ्या रेल्वेपर्यंत पोचविण्यासाठी अवघ्या २ फूट ३ इंच रुंदीच्या रुळांचा मार्ग बांधविला. हीच टॅलिथ्लिन रेल्वे होय.

१८६५ साली पार्लमेंटची मंजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर मार्ग पाहावयास आले, तेव्हा त्यांना असे आढळून आले, की पुलांच्या भिंती आणि डब्यांच्या बाजू यांमध्ये कायद्याने हवे तितके अंतर उरलेले नाही. पूल पाडून नवे बांधावेत, तर खर्च अतोनात. म्हणून डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करावीत आणि पुलांखाली रूळ किंचित सरकवून घ्यावेत, अशी तोड निघाली. ती व्यवस्था पुढे तशीच चालू राहिली. औद्योगिक मार्गाचा स्वभाव या एका गोष्टीत जितका उघड होतो, तितका तो मोठमोठ्या जमाखर्चांतून होत नसेल. कारण असा मार्ग माणसांसाठी नव्हे, तर ओझ्यासाठी बांधलेला असतो, आणि माणूस त्यात मागाहून सामावून घेतला जातो. ‘टॅलिथ्लिन’ व ‘डोल्गॉख’ या दोनच इंजिनांनी हा सारा व्यवहार ऐंशीहून अधिक वर्षे रेटला. १९४६ च्या अखेरीस खाणीत दरड कोसळून काम बंद पडले, १९५० मध्ये मालक सर हेडन जोन्स वारले, आणि मार्ग मोडीत निघणार असे दिसत असताना एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने हौशी मंडळींनी तो चालविण्याचा भार उचलला. १९५१ च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी चालविलेली पहिली गाडी सुटली. अशा रीतीने वाचलेली ही जगातील पहिली रेल्वे. पुढल्याच वर्षी तेथे राबावयास आलेले रेव्हरंड ऑड्री हे मुलांच्या इंजिनकथांचे कर्ते म्हणून विख्यात आहेत; ते स्वतः प्रतिकृतींचेही कसलेले कारागीर होते.

या मार्गाची प्रतिकृती करणाऱ्यांना एका योगायोगाचा मोठाच लाभ झाला. इंग्लंडातील हौशी लोक एका फुटास चार मिलिमीटर हे प्रमाण रूढीने मानीत आले आहेत, आणि त्या प्रमाणात २ फूट ३ इंच म्हणजे बरोबर ९ मिलिमीटर. एडिंबरोच्या पी. डी. हँकॉक यांनी आपल्या काल्पनिक डोंगरी रेल्वेसाठी ही रुंदी पत्करली तेव्हा बहुतेक सामान हातानेच घडवावे लागे. १९६० नंतर न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कारखान्याच्या ९ मिलिमीटर रुळांवरील गाड्या बाजारात आल्या आणि त्यांचे सांगाडे व मोटरी घेऊन वर खाणीच्या इंजिनाचे कवच चढविणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

तथापि रुंदी जुळली म्हणजे रेल्वे साधली असे नव्हे. छपराच्या पाट्या वाघिणीत आडव्या रचीत नसत. त्या फुटू नयेत म्हणून कडेवर उभ्या, एकीला एक घट्ट भिडवून ठेवीत, आणि ‘डचेस’ नावाची २४ इंच लांब व १२ इंच रुंद पाटी या प्रमाणात केवळ ८ बाय ४ मिलिमीटरची होते. करड्या कागदाचे असे शेकडो तुकडे कापून, चिमट्याने उचलून, रांगेने उभे करणारा कारागीर मी श्रेष्ठ मानतो. इंजिनाचे पितळ लखलखीत करणारा त्याच्यामागून. खाणीच्या उतारावर भरलेल्या वाघिणी आपल्या वजनाने खाली येत आणि दोराच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या वाघिणी वर ओढून नेत. प्रतिकृतीत मात्र लांबी ७६ पटींनी घटली की वजन चार लाखांहून अधिक पटींनी घटते, आसांचे घर्षण त्या मानाने घटत नाही, आणि म्हणून दोराचे पिंप लपविलेल्या मोटरीने फिरवावे लागते. एवढी सूट निसर्गानेच घ्यावयास लावली आहे. बाकी क्रमात सूट घेऊ नये. रिकाम्या वाघिणी वर, भरलेल्या खाली, टाउइनच्या धक्क्यावर पाट्या हातांनी उतरवून मोठ्या रेल्वेच्या वाघिणीत रचणे, सांधे बदलणे, पुन्हा रिकामी रांग जोडणे, हा क्रम ज्याने मूळ वेळापत्रकाबरहुकूम पाळला, त्याच्या मेजावर तो धंदा पुन्हा चालू झाला असे म्हणता येते. नुसती गोल गोल धावणारी गाडी कितीही देखणी असो, तिला ओझे नाही म्हणून तिला इतिहासही नाही.

पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कला आपल्याकडे परकी नाही हे सांगावयास नको. अहमदनगर आणि सोलापूर जिल्ह्यांतील साखर कारखान्यांनीही उसाच्या वाहतुकीसाठी एके काळी आपापले अरुंद रूळ शेतांपर्यंत टाकले होते. ज्या वाचकांच्या घरी त्या कारखान्यांत काम केलेली वडील माणसे असतील, त्यांनी वाघिणीची मापे, फाट्यांच्या जागा आणि गाडी भरण्याची रीत त्यांना विचारून आजच लिहून ठेवावी. प्रतिकृती करणारा हात पुढे केव्हाही मिळेल, ही माहिती मिळणार नाही.